बॉनला दिलेला शब्द

जर्मनीत २६ एप्रिल १९९४ चा एक कायदा आहे. संयुक्त जर्मनीची संसद आणि सरकार बर्लिनला नेताना, तोवर पश्चिम जर्मनीची राजधानी असलेल्या ऱ्हाइनकाठच्या बॉन शहराचे काय करायचे, हे त्यात ठरवले आहे. केंद्रीय मंत्रालयांतील एकूण नोकऱ्यांपैकी मोठा वाटा बॉनमध्येच टिकून राहील अशा रीतीने कारभाराची विभागणी करावी, असे तो कायदा सांगतो. आज परिस्थिती नेमकी उलटी आहे. मोठा वाटा बर्लिनमध्ये आहे आणि बॉनमधला वाटा वर्षागणिक घटतो आहे. कायदा रद्द झालेला नाही आणि वस्तुस्थितीशी जुळेल अशी दुरुस्तीही त्यात कोणी केलेली नाही. तो पाळला जात नाही, एवढेच. मधूनमधून बर्लिनमधून मागणी येते की उरलेली मंत्रालयेही हलवून हा प्रकार एकदाचा संपवावा. त्यावर बॉनमधून निषेधाचे पत्रक निघते, चार दिवस चर्चा होते आणि विषय पुन्हा बाजूला पडतो. माझ्या मते या वादात दोन्ही बाजू चुकीच्या मुद्द्यावर भांडतात. बर्लिनवाले खर्चाचा हिशेब मांडतात आणि बॉनवाले नुकसानभरपाईचा. खरा प्रश्न हा आहे की बॉनमध्ये चाळीस वर्षे जे घडले त्याला जर्मन राज्यव्यवस्थेच्या इतिहासात काय स्थान द्यायचे, आणि त्या स्थानाचे काही देणे आजच्या सरकारवर उरते की नाही.

राजधानी होण्याआधीही बॉनला इतिहास होता. रोमन सैन्याच्या छावणीपासून आपला आरंभ मोजून या शहराने १९८९ मध्ये दोन हजार वर्षे साजरी केली. कलोनचे धर्मगुरू-राजे सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून १७९४ पर्यंत येथे राहून राज्य करत होते. बीथोव्हेन १७७० मध्ये येथे जन्मला आणि १७९२ मध्ये व्हिएन्नाला गेला तो कायमचाच. पुढे शहर प्रशियाकडे आले आणि १८१८ मध्ये रिकाम्या राजवाड्यात विद्यापीठ निघाले. त्या विद्यापीठाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. जर्मनीत संस्कृतच्या अध्यापनाची पहिली गादी येथे आउगुस्ट विल्हेल्म श्लेगल यांच्याकडे आली. त्यांनी देवनागरीचे खिळे पॅरिसमध्ये पाडून घेतले आणि १८२३ मध्ये भगवद्गीतेचा मूळ पाठ लॅटिन भाषांतरासह बॉनमध्ये छापला. जैन ग्रंथांच्या अभ्यासासाठी ज्यांचे नाव आजही घेतले जाते ते हेर्मान याकोबी पुढे याच विद्यापीठात प्राध्यापक होते. म्हणजे दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे एक बरे, सुखवस्तू, विद्येचे शहर होते. वस्ती लाखाच्या आसपास, आणि देशाच्या राजकारणाशी त्याचा फारसा संबंध नाही.

त्या शहराचा आणि देशाच्या भवितव्याचा संबंध जुळला तो १ सप्टेंबर १९४८ रोजी, आणि तोही जरा विचित्र जागी. पश्चिमेकडील तिन्ही दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातील प्रदेशांसाठी राज्यघटना तयार करायला जी संसदीय परिषद नेमली गेली, तिचे उद्घाटन कोनिग संग्रहालयात झाले. हे प्राणिशास्त्राचे संग्रहालय होते. शहराच्या मध्यभागाची आणि विद्यापीठाची १८ ऑक्टोबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात राखरांगोळी झालेली असल्यामुळे एवढ्या माणसांना बसवता येईल असे धड सभागृह दुसरे मिळणे कठीण होते. पेंढा भरलेले प्राणी कडेला सारून कापडाने झाकले होते. जिराफाला झाकणे मात्र जमले नाही आणि तो वरून बघत होता, अशी आठवण अजून सांगतात. नव्या राज्याची सुरुवात अशी व्हावी हे कोणत्याही राष्ट्राभिमान्याला लाजिरवाणे वाटले असते. मला ते योग्य वाटते. पंधरा वर्षांपूर्वी याच देशात सत्तेचे सोहळे मशाली, झेंडे आणि प्रचंड मैदाने यांच्याखेरीज होत नव्हते. त्यांतून बाहेर पडणाऱ्यांना झाकलेल्या जनावरांच्या शेजारी बसून कामाला लागावे लागले, यात त्यांचे काही बिघडले नाही.

परिषदेत मतदानाचा अधिकार असलेले ६५ सदस्य होते आणि बर्लिनचे पाच प्रतिनिधी सल्ल्यापुरते होते. त्या ६५ मध्ये महिला चार. त्यांपैकी कासेलच्या वकील एलिझाबेथ झेल्बर्ट यांनी स्त्री आणि पुरुष समान हक्कांचे आहेत असे सरळ वाक्य घटनेत घालण्याचा आग्रह धरला. ते वाक्य आधी फेटाळले गेले. तेव्हा झेल्बर्ट गावोगाव फिरल्या, महिला संघटनांना जागे केले, परिषदेकडे टोपल्या भरभरून पत्रे आली, आणि जानेवारी १९४९ मध्ये समितीने ते वाक्य जसेच्या तसे स्वीकारले. ८ मे १९४९ रोजी, म्हणजे शरणागतीला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, मसुदा ५३ विरुद्ध १२ मतांनी मंजूर झाला आणि २३ मे रोजी तो जाहीर करण्यात आला. त्याला राज्यघटना म्हणायचे टाळले आणि मूलभूत कायदा हे नाव दिले, कारण पूर्वेकडील जर्मन त्यात सहभागी नव्हते. सगळे जर्मन स्वेच्छेने नवी घटना ठरवतील त्या दिवशी हा कायदा संपेल, असे त्याच्याच शेवटच्या कलमात लिहिले होते.

राजधानीची निवडही अशीच तात्पुरती म्हणून झाली. समोर फ्रँकफुर्ट होते. सम्राटांच्या अभिषेकांचे, १८४८ च्या पहिल्या जर्मन संसदेचे, व्यापाराचे मोठे शहर. पण फ्रँकफुर्ट एकदा राजधानी झाले की ते तसेच राहील आणि बर्लिनवरचा हक्क आपणच सोडला असा अर्थ निघेल, ही भीती अनेकांना वाटत होती. बॉन मात्र कोणालाही कायमची राजधानी वाटण्याची शक्यता नव्हती. १० मे १९४९ रोजी परिषदेने ३३ विरुद्ध २९ मतांनी बॉनला पसंती दिली आणि नव्या संसदेने ३ नोव्हेंबरला २०० विरुद्ध १७६ मतांनी तिच्यावर शिक्कामोर्तब केले. फ्रँकफुर्टने संसदेसाठी गोलाकार सभागृह बांधायला घेतलेही होते, ते पुढे तिथल्या नभोवाणीच्या कामी आले. या सगळ्याला तत्त्वाचा मुलामा फार चढवण्याचे कारण नाही. संसदीय परिषदेचे अध्यक्ष आणि पुढे देशाचे पहिले चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झालेले कोनराड आडेनाउअर यांचे घर बॉनच्या समोरच्या काठावर थोडे वर, ऱ्योनडोर्फला होते आणि बॉनसाठी त्यांनी कमी खटपट केली नाही. शिवाय मतांसाठी खासदारांना पैसे चारल्याचा आरोप ‘डेर श्पीगेल’ या साप्ताहिकाने १९५० मध्ये केला आणि संसदेला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. एखाद्या शहराचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या निवडीमागच्या हेतूंवरून ठरत नाही. ते तिथे पुढे काय घडले यावरून ठरते.

पुढे घडले ते असे. बॉनचे लहानपण हीच त्या राज्याची शिस्त झाली. संसद बसली ती नदीकाठच्या एका अध्यापक विद्यालयाच्या इमारतीत. हान्स श्विपर्ट या वास्तुविशारदाने तिला सभागृह जोडताना दोन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत काचा लावल्या, त्यामुळे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आतले कामकाज दिसत असे. १५ सप्टेंबर १९४९ रोजी आडेनाउअर चॅन्सेलर झाले ते लागणाऱ्या किमान मतांपेक्षा एकही मत जास्त न मिळता. २१ तारखेला ते मंत्र्यांसह समोरच्या काठावरच्या पीटर्सबर्ग या टेकडीवर गेले. तेथे तिन्ही दोस्त राष्ट्रांचे उच्चायुक्त गालिच्यावर उभे राहणार आणि जर्मन चॅन्सेलर गालिच्याच्या बाहेर, असा बेत होता. फ्रेंच उच्चायुक्त स्वागताला पुढे सरकले तेव्हा आडेनाउअर यांनीही पाऊल टाकले आणि ते गालिच्यावर उभे राहिले. कोणी काही बोलले नाही. त्या पिढीचे परराष्ट्र धोरण पुढे बरेचसे असेच चालले. आरडाओरडा न करता जागा मिळेल तिथे पाऊल ठेवायचे. मोठ्या शहरात, मोठ्या चौकात, मोठ्या जमावासमोर तसे वागणे कठीण गेले असते.

बॉनची थट्टाही खूप झाली. त्याला संघराज्याचे खेडे म्हणत, रात्री नऊनंतर तिथे काही होत नाही म्हणत. १९६९ मध्ये बाड गोडेसबर्ग, बॉयल वगैरे शेजारची गावे त्यात सामील केली तेव्हा कुठे लोकसंख्या तीन लाखांच्या जवळ गेली. खासदारांच्या कचेऱ्यांसाठी त्याच वर्षी एगोन आयरमान यांनी उंच इमारत बांधली तर तिलाही लोकांनी तेव्हाच्या लोकसभाध्यक्ष ऑयगेन गेर्स्टेनमायर यांच्यावरून ‘लांब ऑयगेन’ असे नाव ठेवले. पण हे शहर निवांत होते म्हणून ते राजकारणापासून सुरक्षित होते असे मुळीच नाही. १० ऑक्टोबर १९८१ रोजी अण्वस्त्रांच्या विरोधात विद्यापीठासमोरच्या बागेत सुमारे तीन लाख माणसे जमली, म्हणजे जवळजवळ शहराच्या वस्तीएवढी. सरकारची कार्यालये तिथून जवळ होती. ती सभा शांततेत पार पडली आणि दुसऱ्या दिवशी सरकार आपले धोरण घेऊन तिथेच बसलेले होते. विरोध आणि सत्ता एवढ्या जवळजवळ राहू शकतात, हे जर्मनांना तोपर्यंत फारसे अनुभवाला आलेले नव्हते.

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती लपवून बॉनची बाजू मांडता येणार नाही. निवांतपणात झोपही चांगली लागते. ज्याने १९३६ मध्ये नाझींच्या न्यूरेम्बर्ग येथील वंशविषयक कायद्यांवर भाष्य लिहिले तो हान्स ग्लोब्के १९५३ पासून दहा वर्षे आडेनाउअर यांच्या कार्यालयाचा प्रमुख होता. हे सर्वांना माहीत होते आणि चालवून घेतले जात होते. याच शहरातले थोर गणिती फेलिक्स हाउसडोर्फ यांनी जानेवारी १९४२ मध्ये, नजरबंदीच्या छावणीत नेण्याचा हुकूम आल्यावर, पत्नी आणि मेहुणीसह विष घेतले. विद्यापीठाने थोमास मान यांची मानद पदवी १९३६ मध्ये काढून घेतली होती. नवी लोकशाही या साऱ्यावर उभी राहिली आणि पहिली पंधरा वर्षे तिने त्याबद्दल जेवढे बोलायला हवे होते तेवढे तोंड उघडले नाही. लहान, कॅथॉलिक, सुस्थितीतल्या शहरात बसून भूतकाळ दूर कुठेतरी बर्लिनमध्ये घडला असे मानणे सोपे होते. बर्लिनला राजधानी नेण्याच्या बाजूचा हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे, खर्चाच्या हिशेबापेक्षा कितीतरी वजनदार, आणि मला तो मान्य आहे. ज्या संसदेच्या दारापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर भिंत होती आणि जिथून विनाशाचे हुकूम निघाले ती कार्यालये होती, तिथे बसून कायदे करणे हे त्या देशाला टाळता येण्यासारखे नव्हते.

म्हणून २० जून १९९१ चा निर्णय बरोबर होता असे मी मानतो. पण तो काय निर्णय होता, हे आज सोयीस्करपणे विसरले जाते. एकीकरणाच्या कराराने बर्लिनला राजधानी म्हटले होते, मात्र संसद आणि सरकार कुठे बसेल हे नंतर ठरवायचे ठेवले होते. जुने सभागृह पाडून नवे बांधायला घेतल्यामुळे संसद तेव्हा बॉनच्या जुन्या पाणीपुरवठा केंद्राच्या इमारतीत भरत होती. तिथे दिवसभर, रात्री उशिरापर्यंत वाद झाला आणि शंभराहून अधिक सदस्य बोलले. पक्षादेश नव्हता. माजी चॅन्सेलर विली ब्रांट बर्लिनच्या बाजूने उभे होते, कामगारमंत्री नॉर्बर्ट ब्ल्युम बॉनच्या बाजूने. आठच महिन्यांपूर्वी गोळीबारात जायबंदी होऊन चाकाच्या खुर्चीवर आलेले गृहमंत्री वोल्फगांग शॉयब्ले बर्लिनसाठी जे बोलले त्याने अनेकांची मते फिरली असे म्हणतात. निकाल ३३८ विरुद्ध ३२०. दोन्ही मोठ्या पक्षांत बॉनच्या बाजूची मते जास्त होती, लहान पक्षांनी पारडे बर्लिनकडे झुकवले.

अठरा मतांचा फरक. आता मंजूर झालेल्या ठरावाचा मजकूर पाहिला तर त्यात केवळ बर्लिनला जाण्याची गोष्ट नाही. बर्लिन आणि बॉन यांच्यात न्याय्य श्रमविभागणी होईल, बॉन प्रशासनाचे केंद्र राहील, मंत्रालयांतील नोकऱ्यांचा मोठा वाटा तिथेच राहील, हे त्याच ठरावाचे भाग होते. हे आश्वासन नसते तर दहा सदस्यांनी दुसरीकडे मत दिले नसते असे कोण छातीठोकपणे सांगू शकेल? बॉनला दिलेला शब्द हा बर्लिनच्या विजयानंतर हरलेल्या गावाच्या हातावर ठेवलेला प्रसाद नव्हता. तो त्या विजयाची किंमत होता. जी किंमत देण्याचे कबूल करून वस्तू घेतली ती तीस वर्षांनी द्यायची नाही, असे म्हणायचे असेल तर ते निदान उघडपणे, पुन्हा संसदेत मत घेऊन म्हणायला हवे.

प्रत्यक्षात झाले ते निराळे. राज्यांच्या सभागृहाने १९९१ मध्ये आपण बॉनमध्येच राहणार असे ठरवले आणि १९९६ मध्ये तो निर्णय फिरवला. १९९४ च्या कायद्याने बॉनला संघीय शहर असा दर्जा दिला, सुमारे २.८१ अब्ज मार्क भरपाई म्हणून मंजूर केले आणि संरक्षण, आरोग्य, पर्यावरण, कृषी, शिक्षण-संशोधन आणि आर्थिक सहकार्य अशा सहा मंत्रालयांची मुख्य कचेरी बॉनमध्ये ठेवली. १९९९ च्या उन्हाळ्यात संसद गेली. ग्युंटर बेनिश यांचे काचेचे नवे सभागृह अवघे १९९२ मध्ये तयार झाले होते, ते सात वर्षेही वापरले गेले नाही. त्यानंतर हळूहळू मंत्री बर्लिनमध्ये, म्हणून सचिव बर्लिनमध्ये, म्हणून विभागप्रमुख बर्लिनमध्ये, म्हणून बढतीची इच्छा असलेला तरुण अधिकारी बर्लिनमध्ये, असे होत गेले. जर्मनीत याला घसरगुंडी म्हणतात आणि शब्द चपखल आहे. कोणी ढकलले असे सिद्ध करता येत नाही, उतार मात्र कोणीतरी तयार केलेला असतो. बॉनमधली जागा रिकामी झाली की ती भरायची नाही आणि बर्लिनमध्ये नवी जागा काढायची, एवढे पुरेसे असते. त्यासाठी एकाही मंत्र्याला संसदेत उत्तर द्यावे लागत नाही.

खर्चाचा मुद्दा वारंवार येतो म्हणून त्यावर दोन शब्द. दोन्ही शहरांमध्ये रेल्वेने पाचेक तास लागतात, अधिकारी विमानाने ये-जा करतात, कागदपत्रे फिरतात, आणि या विभागणीपायी वर्षाकाठी काही दशलक्ष युरो खर्च होतात. ही रक्कम जर्मनीच्या शेकडो अब्जांच्या अर्थसंकल्पात शोधावी लागते. उलट हजारो कर्मचारी हलवणे, त्यांना बर्लिनच्या आजच्या भाड्यांच्या बाजारात घरे मिळणे, नव्या इमारती बांधणे याचा खर्च कितीतरी पिढ्यांच्या विमानतिकिटांइतका होईल. दूरदृश्य बैठकी घरोघरी पोहोचल्यानंतर तर हा मुद्दा आणखीच दुबळा झाला आहे. इमारतींच्या बाबतीत ऱ्हाइननेही एकदा हात दाखवला होता. खासदारांसाठी बांधत असलेल्या श्युरमान इमारतीचा सांगाडा डिसेंबर १९९३ च्या पुरात खालून आलेल्या पाण्याच्या दाबाने चक्क वर उचलला गेला आणि ती इमारत वर्षानुवर्षे पडून राहिली. शेवटी २००३ मध्ये डॉइचे वेले ही प्रसारणसंस्था तिथे आली. आणि खर्च कोणी उचलायचा यावरून भांडणे ही या भागाची जुनी हौस आहे. १८९८ मध्ये नदीवर पूल झाला तेव्हा पैसे द्यायला नकार देणाऱ्या समोरच्या बॉयल गावाकडे पार्श्वभाग करून बसलेला एक दगडी बुटका बॉनकरांनी पुलावर बसवला. महायुद्धात पूल उडवला गेला, बुटका अजून आहे.

मुद्दा असा की जर्मनीत सत्ता एका ठिकाणी गोळा न करण्याची रीत बॉनपुरती नाही. घटना-न्यायालय १९५१ पासून कार्ल्सरूहला आहे. मध्यवर्ती बँक फ्रँकफुर्टला, गुन्हे-अन्वेषणाचे केंद्रीय कार्यालय वीसबाडेनला, रोजगार संस्था न्यूरेम्बर्गला, वाहननोंदणीचे कार्यालय अगदी उत्तरेला फ्लेन्सबुर्गला. एकीकरणानंतर पूर्वेकडील राज्यांनाही वाटा मिळावा म्हणून कामगार न्यायालय एरफुर्टला आणि प्रशासकीय न्यायालय लाइपझिगला गेले. बिस्मार्कच्या साम्राज्यातसुद्धा सर्वोच्च न्यायालय बर्लिनमध्ये नव्हते, लाइपझिगला होते. न्यायाधीश मंत्र्यांच्या पंगतीत रोज बसत नाहीत, बँकेचे संचालक खासदारांना संध्याकाळी सहज भेटत नाहीत, प्रादेशिक वृत्तपत्रांना राष्ट्रीय बातमी आपल्या गावात मिळते आणि हुशार तरुणाला मोठ्या कामासाठी एकाच शहराकडे धावावे लागत नाही. पॅरिस किंवा लंडन यांच्या तुलनेत जर्मनीची मध्यम शहरे जी तग धरून आहेत त्याचे हे एक कारण आहे. ही रीत गैरसोयीची आहे हे खरे, आणि गैरसोय हाच तिचा उपयोग आहे. या नकाशावर बॉनमधली मंत्रालये अपवाद वाटत नाहीत. सगळे बर्लिनला आणा, ही मागणीच त्या नकाशाला परकी आहे.

मराठी वाचकाला येथे नागपूर आठवल्याशिवाय राहणार नाही. जुन्या मध्य प्रांताची राजधानी असलेल्या या शहराने राजधानीपण सोडून मुंबईशी जोडून घेतले तेव्हा १९५३ च्या नागपूर कराराने शासन ठरावीक काळ तिथे हलेल आणि विधिमंडळाचे वर्षाला एक तरी अधिवेशन तिथे होईल असे ठरवले. अधिवेशन होतेही. डिसेंबरमध्ये मंत्रालयाच्या फायली, गाड्या आणि माणसे नागपूरला जातात, मोर्चे निघतात, आणि काही आठवड्यांत सारे परत येते. शब्दाचे अक्षर पाळले जाते आणि निर्णयाची जागा मात्र मुंबईतून हलत नाही. बॉनला निदान वर्षभर चालणारे मंत्रालय मिळाले, हा फरक मोठा आहे. पण दोन्हीकडे एक धोका सारखा आहे. कराराची वर्षे जसजशी मागे जातात तसतसा तो उपकार वाटू लागतो आणि पाळणाऱ्याला आपण औदार्य दाखवतो आहोत असा भास होतो.

बॉनच्या पुढाऱ्यांनी स्वतःच या भासाला खतपाणी घातले, अशी माझी तक्रार आहे. नोकऱ्या जातील, घरे ओस पडतील, असे तीस वर्षे सांगितले गेले. तसे झाले नाही. टेलिकॉम आणि पोस्ट या दोन प्रचंड कंपन्यांची मुख्यालये बॉनमध्ये आहेत, पोस्टचा १६२ मीटरहून उंच मनोरा २००२ पासून नदीकाठी उभा आहे. संयुक्त राष्ट्रांचे हवामानविषयक सचिवालय १९९६ मध्ये आले आणि ‘लांब ऑयगेन’मध्ये आता संयुक्त राष्ट्रांच्या संस्था बसतात. २०१७ ची जागतिक हवामान परिषद फिजीच्या अध्यक्षतेखाली येथेच भरली. वस्ती तीन लाख तीस हजारांच्या घरात गेली आहे. विद्यापीठातल्या पेटर शोल्झे यांना २०१८ मध्ये गणिताचे फील्ड्स पदक मिळाले. असे शहर मंत्रालयांवाचून उपाशी मरणार नाही, आणि तसे भासवणाऱ्याचे म्हणणे कोणी गंभीरपणे घेणार नाही. बॉनला मंत्रालयांची गरज उरली नसेलही. गरज आहे ती संघराज्याला, आपण दिलेला शब्द आणि केलेला कायदा या दोन्हींची आठवण रोजच्या कारभारात ठेवण्याची.

आणखी एक गोष्ट या वादात कोणी मोजत नाही. १९९० मध्ये मूलभूत कायद्याच्या शेवटच्या कलमाचा मार्ग घेऊन नवी घटना करता आली असती. ती केली नाही, पूर्वेकडील राज्ये आहे त्याच कायद्याखाली दाखल झाली. म्हणजे तात्पुरत्या शहरात केलेला तात्पुरता कायदा कायमचा झाला, आणि आज बर्लिनमधला प्रत्येक खासदार ज्याच्या आधारे बसतो तो मजकूर ऱ्हाइनकाठी लिहिला गेला. पूर्वेकडील अनेकांना हे खटकते आणि त्यांचा आक्षेप समजण्यासारखा आहे. त्यांना विचारून तो लिहिला गेला नव्हता. पण बॉनमधली कार्यालये बंद केल्याने तो आक्षेप दूर होणार नाही. तो दूर करायचा तर पूर्वेकडील शहरांना जास्त संस्था द्याव्या लागतील, जसे लाइपझिग आणि एरफुर्टला न्यायालये देऊन केले. बर्लिनला त्या देण्याने चेम्नित्स किंवा गेरा येथील माणसाला काय मिळते?

मग करायचे काय? आहे तसे चालू देणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे, कारण त्यात कायद्याची किंमत रोज थोडी कमी होते आणि जबाबदारी कोणाचीच राहत नाही. माझ्या मते संसदेने १९९४ चा कायदा उघडपणे हाती घ्यावा आणि नोकऱ्यांच्या टक्केवारीचा आग्रह सोडावा, कारण तो आता कोणीच पाळू शकणार नाही. त्याऐवजी कोणते मंत्रालय पूर्णपणे कुठे असेल, मंत्र्याच्या खुर्चीसह, हे नावानिशी लिहावे. संरक्षण मंत्रालय बर्लिनला जाऊ द्यावे. संकटाच्या वेळी संरक्षणमंत्री, चॅन्सेलर आणि संसद एका शहरात असायला हवेत, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. उलट पर्यावरण मंत्रालयाची जागा हवामान सचिवालयाच्या शेजारी आहे. आर्थिक सहकार्याचे मंत्रालय ज्या संस्थांमार्फत काम करते त्यांचा मोठा भाग बॉनमध्येच आहे. विज्ञान संशोधनाला पैसा देणारी जर्मन संशोधन संस्था आणि परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी डाड ही संस्था, दोन्ही बॉनच्या. शिक्षणासाठी जर्मनीला जाणाऱ्या मराठी मुलामुलींनाही डाडचे नाव ओळखीचे आहे. औषधांना परवाने देणारी संस्था बॉनमध्ये आहे, तेव्हा आरोग्य मंत्रालय तिच्यापासून तोडून काय साधेल? या मंत्रालयांचे मंत्री आठवड्यातले काही दिवस बॉनमध्ये बसतील आणि संसदेच्या कामासाठी बर्लिनला जातील. त्यांना ते अडचणीचे वाटेल. वाटू दे. आणि ज्या खासदारांना हे मान्य नसेल त्यांनी बॉनचा कायदा रद्द करण्याचा ठराव आणावा, त्यावर १९९१ सारखी पक्षादेशाविना चर्चा व्हावी आणि प्रत्येकाने आपल्या नावाने मत नोंदवावे.